पट्टीवर ऑइल होतं, तरी इंजिन बसलं

या पानावर आपण गावाच्या, गल्लीच्या, जुन्या माणसांच्या आठवणी लिहितो. आज मी लिहितोय ते इंजिनातल्या ऑइलबद्दल. म्हाताऱ्याला आता हे काय सुचलं, असं काहींना वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेलं, इंजिनाशी संबंध कर्जाच्या फायलीपुरता. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनात अडकून बसली होती. तिचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं. ते सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना कुंदा आणि थंड हवा आठवते. आम्हाला आठवतात फाउंड्र्या आणि लेथ. ऑइल इंजिनांचे क्रँकशाफ्ट करणारे कारखाने इथे पूर्वीपासून आहेत. उद्यमबागेत शिरलं की कापलेल्या लोखंडाचा वास यायचा. आमच्या गल्लीतले अण्णा त्याच जगातले. शिक्षण सातवी, पण हात असा की क्रँक घासून आणला तर मायक्रोमीटरनं तपासायची गरज नाही, असं लोक म्हणायचे. ट्रॅक्टर, ट्रक, मोटारी, सगळ्यांची इंजिनं त्यांच्याकडे यायची. आमच्या शाखेत त्यांचं छोटं कॅश क्रेडिट खातं होतं आणि त्या वेळी कर्जविभाग माझ्याकडे होता.

1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे एक वेगळं काम आलं. एका हौशी तरुणाला मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीत गाडी उतरवायची होती. शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. 1953 साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवत असे. लांब सरळ रस्ता आणि मग एकदम वळण. परदेशी गाड्या आणणं सोपं नव्हतं. आपल्या रस्त्यावर धावायच्या त्याच दोन-तीन जातींच्या गाड्या लोक घासूनपुसून तिथे पळवायचे. या तरुणाचीही तसलीच एक.

अण्णांनी जीव ओतून इंजिन केलं. सराव झाला. तरुण म्हणाला, "अण्णा, एकाच वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय. सरळ आलो की विझतोय." अण्णांनी पट्टी काढून बघितली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत. "वायर सैल असंल की. बघतो," म्हणाले, आणि वायर घट्ट केली. दुसऱ्या दिवशी शर्यतीत, वळण संपून सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना इंजिनातून टकटक आली आणि मिनिटभरात इंजिन बसलं. उघडलं तर एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेलं. बाकीची चांगली.

निकाल लगेच लागला. एकच बेअरिंग गेलं म्हणजे तेच नीट बसवलं नव्हतं. क्रँक नीट घासला नव्हता. गाडीवाल्यानं पैसे दिले नाहीत आणि गावभर बोलला. तेव्हा अण्णांनी नव्या बोरिंग मशीनसाठी कर्जाचा अर्ज केला होता. पाहणी अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य घातलं, की कामाच्या दर्जाबद्दल तक्रार आहे, मर्यादा वाढवणं सध्या योग्य नाही. ते वाक्य माझं. अर्ज नामंजूर झाला.

आता इतिहासाकडे वळतो. या वाक्याकडे शेवटी परत यायचंच आहे.

इंजिनात ऑइल कशाला, तर घर्षण कमी करायला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते कसं काम करतं हे माणसाला बरंच उशिरा कळलं. 1883 साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्यानं बेअरिंगच्या वरच्या भागात भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून ऑइल उलट वर यायला लागलं. त्यानं बूच लावलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही सरकून बाहेर आली. मग त्यानं दाबमापक लावलं, तर काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे. म्हणजे फिरणारा आस स्वतःच ऑइल ओढून खाली पाचरीसारखं दाबतो आणि त्या पातळ थरावर सगळं वजन तरंगतं. 1886 साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. धातूला धातू लागतच नाही, मध्ये केसाहूनही कितीतरी बारीक असा ऑइलचा पडदा असतो. पडदा आहे तोवर बेअरिंग वर्षानुवर्षं टिकतं. पडदा तुटला, की चालत्या इंजिनात काही सेकंदांत खेळ खलास.

पहिल्या मोटारींत हे ऑइल पोचवायची पद्धत साधी होती. खाली भांड्यात ऑइल, क्रँक फिरताना ते उडवायचा, जिथे पडेल तिथे पडेल. फोर्डची मॉडेल टी 1908 साली आली आणि दीड कोटीच्या वर गाड्या विकल्या गेल्या. तिला ऑइलचा पंपच नव्हता. मागचं फ्लायव्हील ऑइल उडवायचं, ते एका नळीतून पुढे यायचं आणि खालच्या पन्हळीत पडायचं. सपाटीवर ठीक. खड्या चढावर नाक वर झालं की ऑइल मागे आणि पुढचा पहिला सिलिंडर कोरडा. मोटार धावायला लागली तेव्हापासून हा आजार आहे, आणि तेव्हाही भांड्यात ऑइल असायचं. फक्त हवं तिथे नसायचं.

एक गंमत. शर्यतीच्या गाड्यांत बरीच वर्षं चक्क एरंडेल वापरायचे. उष्णतेत त्याचा पडदा लवकर तुटत नाही. 1909 साली वेकफिल्ड कंपनीनं आपल्या ऑइलला कॅस्ट्रॉल नाव दिलं ते कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच. लहानपणी आईनं चमच्यानं पाजलेलं ते औषध शर्यती जिंकून देत होतं, हे कळल्यावर मी बराच वेळ हसत होतो.

मग पंप आले. तळाशी ऑइलचं भांडं, ज्याला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यात जाळी लावलेली नळी. पंप त्या नळीतून ऑइल ओढतो आणि दाबानं प्रत्येक बेअरिंगला पोचवतो. आजही आपल्या घरच्या गाडीत हेच असतं. या पद्धतीची एक मूक अट आहे, की जाळी सतत ऑइलमध्ये बुडालेली पाहिजे.

वळणावर ही अट मोडते. केळीच्या पानावर आमटी वाढली आणि पान जरा कललं की आमटी कशी पळते, तसं समजा. किंवा चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाताना मांडीवर ताकाची बरणी धरली असेल तर आठवा. गाडी उजवीकडे वळली की ताक डावीकडे चढतं. किती चढतं याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. घाटात आपण रीतसर गाडी चालवतो तेव्हा बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश धरा, ऑइलची पातळी साधारण 17 अंश कलते. शर्यतीत ओढा आठ दशांश झाला तर 39 अंश. ओढा गुरुत्वाकर्षणाएवढा झाला की 45 अंश. म्हणजे चेंबरमधलं ऑइल एका भिंतीवर चढून बसतं आणि मधली जाळी उघडी पडते. वळणाआधी जोरात ब्रेक मारलेला असतो, त्यामुळे ऑइल आधी पुढे धावलेलं, मग बाजूला. पंप फिरतच असतो. तो ऑइलऐवजी हवा ओढतो.

मोटारसायकलला हा त्रास फारसा का होत नाही, असं मी भाच्याला विचारलं. तो पुण्यात इंजिनिअर आहे. म्हणाला, "मामा, मोटारसायकल वळणावर स्वतःच कलते. आतल्या ऑइलला वाटतं आपण सरळच उभे आहोत." गाडी मात्र कलत नाही, ऑइल कलतं. मला ते एका वाक्यात पटलं.

आता यातला खरा घातकी भाग. वळणावर पडदा विरळ होतो, पण बेअरिंग बहुतेक वेळा तिथेच जात नाही. वळण संपता संपता चालक पूर्ण पाय दाबतो. इंजिनावर सगळ्यात जास्त भार येतो तो त्या क्षणी, आणि त्याच क्षणी नळ्यांतून हवेचे बुडबुडे मिसळलेलं ऑइल बेअरिंगकडे येत असतं. धातूला धातू घासतो. हे प्रत्येक फेरीत थोडं थोडं होतं. शेवटी बेअरिंग जातं ते सरळ रस्त्यावर, चेंबर पुन्हा भरलेलं असताना. तेव्हा पट्टी काढून पाहा, ऑइल पुरेपूर. म्हणून संशय वळणावर जात नाही, ऑइलवर जात नाही, तो जातो बेअरिंग बसवणाऱ्या माणसावर. आणि सगळी बेअरिंगं एकदम जायला हवीत असंही नाही. वाटेतल्या भोकांच्या रचनेमुळे ज्याला ऑइल सगळ्यात कमी पोचतं ते आधी जातं. ते वितळलं की इंजिन थांबतं, बाकीची वाचतात.

बँकेतल्या माणसाला हे नवं नाही. ताळेबंदात चालू मालमत्ता भरपूर, पण सगळी मालात आणि उधारीत अडकलेली. पगाराच्या दिवशी गल्ल्यात रोकड नाही. असे चांगले चालणारे धंदे बसलेले मी पाहिलेत. खातं थकीत दिसतं ते महिन्यांनी, दुखणं आधीचं असतं. आम्ही त्याला तरलता म्हणायचो. इंजिनाच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे.

शर्यतवाल्यांनी यावर काय केलं? पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो, जास्त ऑइल भरा. थोडं जास्त चालतं. फार भरलं की फिरणारा क्रँक त्यात आपटतो, ऑइलचा फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. दुसरा उपाय स्वस्त आणि गुणी. चेंबरमध्ये पत्र्याच्या आडव्या-उभ्या भिंती घालायच्या. जाळीभोवती एक खोली करायची आणि तिला एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं लावायची. ऑइल आत येऊ शकतं, वळणावर बाहेर जाऊ शकत नाही. 1959 ची मिनी ही छोटी इंग्रजी गाडी शर्यतीत फार गाजली. तिची गिअरपेटीच इंजिनाच्या ऑइलमध्ये बसवलेली होती. तिच्यासाठी ऑइल ओढायची नळी मधोमध आणणारा सुटा भाग तिकडे अजून विकला जातो. अमेरिकेत अंडाकृती ट्रॅकवर गाड्या फक्त डावीकडे वळतात, म्हणून तिथे चेंबरला उजव्या बाजूला फुगवटा काढतात. ऑइल जिथे जाणारच आहे तिथेच त्याची सोय.

तिसरा उपाय म्हणजे राखीव साठा. दाबाखाली ऑइल भरून ठेवलेली एक नळकांडी, मागे कोंडलेली हवा. दाब पडला की ती काही सेकंद आपलं ऑइल सोडते आणि वळण निभावून नेते. बँकेच्या भाषेत तात्पुरता ओव्हरड्राफ्ट.

चौथा उपाय मुळावर घाव घालणारा, ड्राय संप. इंजिनाखाली ऑइल ठेवायचंच नाही. खाली पडेल ते दोन-तीन पंपांनी लगेच उपसायचं आणि वेगळ्या उंच, अरुंद टाकीत न्यायचं. टाकीत ते वरून गोल फिरत पडतं, हवा वर निघून जाते, निव्वळ ऑइल तळाला. तिथून दुसरा पंप बेअरिंगना देतो. उपसणाऱ्या पंपांची ताकद देणाऱ्यापेक्षा जास्त ठेवतात, कारण ते ऑइलबरोबर हवाही ओढत असतात. उंच टाकीच्या तळाचं तोंड वळणावर सहज उघडं पडत नाही. गिरणीत धान्य वरून टाकतात आणि खालून घेतात, तसंच.

ही पद्धत विमानांच्या इंजिनात आधीपासून होती. रस्त्यावर तिचा फायदा आणखी एक. खालचं खोल भांडं गेलं की इंजिन जमिनीच्या जवळ बसवता येतं. 1954 ची मर्सिडीज 300 एसएल, ती पंखासारखी दारं वर उघडणारी, तिचं इंजिन कलतं बसवलं होतं आणि त्याला ड्राय संप होता. त्याच वर्षीची जॅग्वार डी-टाइप. तिच्यातलं इंजिन मूळ रस्त्यावरच्या गाडीतलं, तिथे खाली चेंबर. शर्यतीसाठी ड्राय संप केला, इंजिन साडेआठ अंश कलतं केलं, आणि त्या गाडीनं ल मॉन्सची 24 तासांची शर्यत 1955, 1956 आणि 1957 अशी ओळीनं तीनदा जिंकली. चोवीस तास म्हणजे किती वळणं, विचार करा. 1967 साली कीथ डकवर्थनं फोर्डच्या पैशातून डीएफव्ही हे इंजिन केलं, तेही ड्राय संपचं. 4 जून 1967 रोजी हॉलंडमधल्या झांडवूर्टला जिम क्लार्कनं त्याच्या पहिल्याच शर्यतीत ते जिंकून दाखवलं. पुढे त्या इंजिनानं 155 ग्रां प्री जिंकल्या.

पोर्शं 911 ला तर रस्त्यावरच्या गाडीतही पहिल्यापासून वेगळी टाकी होती. तिचा एक किस्सा भाच्यानं सांगितला. 1972 च्या मॉडेलला टाकीचं झाकण उजव्या दाराच्या मागे बाहेरून उघडायचं ठेवलं. पेट्रोलपंपावरच्या पोरांनी त्यातच पेट्रोल ओतायला सुरुवात केली! पुढच्या वर्षी ते झाकण पुन्हा आत गेलं.

म्हणजे बघा, शोलावरमला अण्णांचं इंजिन बसलं तेव्हा जगात या आजाराचं निदान आणि औषध दोन्ही होतं. मग आपल्याकडे का नव्हतं? कारण ते पुस्तकांत, परदेशी संघांच्या गॅरेजात आणि मद्रास-कोइमतूरकडच्या मोजक्या जाणकारांकडे होतं. बेळगावच्या एका गॅरेजात ते पोचायचा रस्ता नव्हता. अण्णा ज्या इंजिनांवर वाढले ती शेतातली आणि ट्रकची. पंपाचं इंजिन विहिरीच्या काठावर एका जागी उभं असतं. ते कधी वळतच नाही. त्यांच्या अनुभवात पट्टीवर ऑइल असणं म्हणजे बेअरिंगला ऑइल असणं. ते त्यांचं अज्ञान होतं म्हणा, पण हलगर्जीपणा नव्हता. या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

गेल्या वर्षी भाच्याकडे गेलो होतो. तो आणि त्याचे मित्र हौसेखातर गाड्या घेऊन कोइमतूरच्या ट्रॅकवर जातात. त्याच्या गॅरेजात एक चेंबर काढून ठेवलं होतं, आत पत्र्याच्या भिंती आणि बिजागरीची चिमुकली दारं. मी सहज विचारलं, ही कशाला? त्यानं सांगितलं आणि मग म्हणाला, "मामा, पहिली खूण म्हणजे ऑइलचा दिवा. एकाच वळणावर लुकलुकतो, सरळ आलं की विझतो. लोक वायर तपासत बसतात."

मी खाली बसलो. मंडळी, खरंच बसलो. एकच वळण. सरळ आल्यावर विझणं. पट्टी भरलेली. एकच बेअरिंग गेलेलं, तेही वळणानंतर पूर्ण वेगात. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, इंजिन समोर नसताना शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही, पण माझ्याकडे ही लक्षणं घेऊन कुणी आलं तर मी आधी चेंबर उघडेन, क्रँक नाही. आणि क्रँक वाईट घासला असता तर दिव्यानं वळण ओळखलं नसतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अण्णांनी त्यानंतर शर्यतीचं काम कधी घेतलं नाही. बोरिंग मशीन आलं नाही. जुन्या मशीनवर ते ट्रॅक्टरची इंजिनं करत राहिले. कर्जाचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही, हेही लिहिलंच पाहिजे. रस्त्यात भेटलो की "काय साहेब, बरं हाय न्हवं?" म्हणायचे. मला गल्लीत सगळे नावानं हाक मारत, साहेब फक्त तेच म्हणायला लागले, आणि तेही त्या अर्जानंतर. मी ते मान म्हणून घेत होतो. त्यांना जाऊन आता वीस वर्षांवर झाली.

अहवाल लिहिताना माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, गाडीवाल्याची तक्रार. दुसरी, अण्णांचं म्हणणं, की "दिवा तेवढ्या वळणावरच का लागत होता ते मला कळंना झालंय, पण क्रँक माझा बरोबर हाय." मी पहिली लिहिली. दुसरी लिहिली नाही, कारण तिचा अर्थ मला लागला नव्हता. आपल्याला अर्थ लागत नाही म्हणून ती नोंदवायची नाही, ही बँकेतली चूक आहे आणि बँकेबाहेरचीही. ती ओळ अहवालात असती तर वरच्या कुणी कदाचित एखाद्या जाणकाराला विचारलं असतं. कदाचित नसतंही. पण ती तिथे असायला हवी होती.

ती फाइल केव्हाच रद्दीत गेली असेल. तिच्यात आता दुरुस्ती होणार नाही. अण्णांची मुलं आणि नातवंडं या पानावर आहेत, अधूनमधून त्यांचे फोटो दिसतात. म्हणून इथे लिहितो. पोरांनो, तुमच्या आजोबांचा क्रँक बरोबर होता. चूक माझ्या वाक्यात होती.